निळोलीच्या खळ्यावरची दहावी

पाथरवाडीच्या हायस्कुलात कल्याणी बाई गणित शिकवायच्या, पण पोरं त्यांना ओळखायची ती हजेरीवरून. घंटा व्हायच्या आधीच त्या वर्गात येऊन बसायच्या, हजेरीपट उघडायच्या आणि एकेक नाव असं घ्यायच्या, की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा पाठ ताठ करून "हजर" म्हणायचं. नाव पुकारून झाल्यावर दारात आलेल्याला गैरहजेरी. बस चुकली, ओढ्याला पाणी होतं, म्हैस व्याली, कुठलंच कारण चालायचं नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा नातूही एकदा तासभर बाहेर उभा राहिला होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी हा नियम कुणासाठी वाकवला नव्हता.

मग ते कोरोनाचं साल आलं. शाळा बंद झाली आणि जुलैपासून बाई बेळगावात, शहापूरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मोबाईल टेकवून दहावीचा वर्ग घेऊ लागल्या. वर्गात चौतीस पोरं. त्यातली पंचवीस कधी ना कधी त्या काचेत उगवायची. कुणाचं तोंड दिसायचं, कुणाचं नुसतं छत. नऊजण मात्र एकदाही आले नाहीत. नऊच्या नऊ निळोलीचे. निळोली म्हणजे कणकुंबीच्या अलीकडं, डांबरी सोडून जंगलात आत गेलेलं पन्नास-साठ घरांचं गाव. तिथं मोबाईलला रेंज नव्हती. टीव्हीवर धडे लागत, ते कानडीत. पोरांना बाजारापुरतं कानडी चांगलं यायचं. पण मराठीत शिकलेली भूमिती कानडीत ऐकली की सगळंच परकं वाटायचं.

बाईंनी सवयीप्रमाणं नऊ नावांपुढं आठवडाभर 'गै.' लिहिलं.

आठव्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडं वाऱ्याचा आवाज आणि दमलेला श्वास.

"बाई, मी ऋतिका. निळोलीची. मष्णू गावड्याची."

"अगं, आहेस कुठं तू? आठवडा झाला, पत्ता नाही तुमच्यापैकी कुणाचा. गैरहजेरी लागलीय."

"डोंगरावर आलोय बाई, रेंज गावाय म्हणून." मुलीनं दम घेतला. "आणि गैरहजेरी आमची कशी वो? आमी नऊजणं रोज धाच्या ठोक्याला पुस्तक घिऊन देवळात बसतोय. आमी हाय की हितं. तुमीच न्हाईसा."

रेंज तुटली. बाई मोबाईल हातात धरून तशाच बसल्या. आधी राग आला. दहावीतली पोरगी आणि हे बोलणं! मग हजेरीपटावर नजर गेली, आणि ती पोरगी एक शब्दही चुकीचा बोललेली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांचे यजमान शरदराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. शब्द मोजून वापरणारा माणूस. बाईंनी पाथरवाडीच्याही पुढं चौदा किलोमीटर स्कूटी घालायचं ठरवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुला शुगर आहे. पेपरात रोज काय छापून येतंय ते वाचतेस ना?"

"वाचते."

"मग?"

"मग काय? मास्क लावून जाते."

सुरुवातीला त्यात चोरटं काहीच नव्हतं. शिक्षकांनी गावोगाव जाऊन थोड्या थोड्या पोरांना उघड्यावर शिकवावं अशी सरकारचीच योजना ऑगस्टात निघाली होती. बाई आठवड्यातून तीनदा जायच्या. डांबरीवर स्कूटी लावायची, पुढं दोन किलोमीटर चिखलातून चालायचं. देवळाच्या मंडपात पोरं हात-हात अंतरावर बसलेली असायची. बाई हजेरी घेतल्याशिवाय शिकवूच शकत नव्हत्या. शाळेच्या हजेरीपटात फक्त मोबाईलवरच्या वर्गाची नोंद, म्हणून त्यांनी दोनशे पानी वहीवर रेघा मारून आपला वेगळा पट केला. तारीख, नावं, काय शिकवलं, खाली सही.

ऑक्टोबरात साथ वाढली, कुठंकुठं शिक्षक आणि पोरं आजारी पडल्याच्या बातम्या आल्या, आणि योजना थांबली. हेडमास्तर कालकुंद्रीकर सरांनी सगळ्यांना कळवलं, यापुढं कुणीही कुठल्याही गावात जाऊ नये, वर्ग फक्त मोबाईलवर. बाईंनी तो निरोप दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी बाहेर काढली.

निळोलीत देवळाला कुलूप होतं. पायरीवर रवळू उभा होता, पंचायतीचा मेंबर. मागं चारपाच माणसं, ऋतिकाचा बापही त्यातच.

"बाई, रागावू नका," रवळू म्हणाला. "पन तुमी बेळगावास्नं येतायसा. थितं घराघरात हाय म्हन्त्यात. हितं एकाला झालं तर दवाखाना चाळीस मैलावर."

बाईंना त्याचा राग आला नाही. भीती खरी होती. त्यांना स्वतःलाही ती दर वेळी घाटाच्या वळणावर गाठायची.

"तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "देऊळ नको. मला उघडी जागा द्या. मी पोरांच्या जवळ जाणार नाही, कुणाच्या घरात पाणी पिणार नाही. पण यांची परीक्षा माझ्यावाचून होणार नाही, आणि मी यांच्यावाचून घरी बसणार नाही."

मागून मालुबाई पुढं आली. डोक्यावर भाताचा भारा, हातात विळा. नवऱ्यामागं एकटीनं तीन एकर भात करणारी बाई.

"माझं खळं घ्या," ती म्हणाली. "मळनी मी सकाळच्या पारी उरकतो. दुपारी पोरं बसू देत."

"मालुआक्का, उद्या कुनाला काय झालं तर?" रवळूनं विचारलं.

"झालं तर माझ्या खळ्यावर झालं म्हन. तुझ्या देवळात न्हाई झालं म्हन." भारा न उतरवताच ती पुढं चालायला लागली. "आनि रं रवळू, तुझा साईराजबी हाय न्हवं त्या नवात? त्याला घरात ठेवनार असलास तर ठेव."

रवळूनं साईराजला घरात ठेवलं नाही.

शेणानं सारवलेलं ते गोल खळं बाईंना इतकं सोयीचं पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पोरं कडेकडेनं बसायची, दोघांत चार पावलांचं अंतर. बाई खळ्याबाहेर आंब्याखाली उभ्या. मधल्या मेढीला, म्हणजे बैल फिरवायच्या खांबाला, साईराजनं कासरा बांधला आणि कासऱ्याच्या टोकाला खडू धरून ऋतिकानं वर्तुळ काढलं. कासरा म्हणजे त्रिज्या. कडेला टेकवलेला वेळू म्हणजे स्पर्शिका. शाळेच्या फळ्यावर जे प्रमेय पोरांच्या डोक्यावरून जायचं, ते मागं बसणारा सौरवसुद्धा पायांनी चालून सांगू लागला. दुपारचं ऊन, ओल्या पेंढ्याचा वास, आणि मास्कमधून बाईंचा खणखणीत आवाज. पलीकडं भात वारवणारी मालुबाई मधूनच हात थांबवून ऐकायची.

नोव्हेंबर संपता संपता शरदरावांना ताप आला. तपासणीत निघाला तोच रोग. बाईंची तपासणी कोरी आली, पण घराच्या दाराला पट्टी लागली. शरदराव आतल्या खोलीत खोकत होते, बाई दाराबाहेर ताट ठेवून ऑक्सिजनचा आकडा विचारत होत्या, आणि मनात एकच धसका होता, मी खळ्यावर काही सोडून तर आले नाही? दुधाचा टेम्पो घेऊन निळोलीकडं जाणाऱ्या महादेवला त्या रोज फोन करायच्या. "कुणाला ताप? खोकला?" महादेव रोज सांगायचा, "न्हाई बाई, समदी बरी हाईत." त्यांचा पुरता विश्वास बसायला दहा दिवस लागले. शरदराव सावरले तेव्हा निम्मे झाले होते.

सतराव्या दिवशी दुसरी तपासणी करून, कागद पर्समध्ये घालून बाई निळोलीला गेल्या. वही मालुबाईच्या घरी राहिली होती. ती उघडून पाहतात तर मधली पानं कोरी नव्हती. ऋतिकाच्या तिरक्या अक्षरात तारखा होत्या. बाईंच्या ठरल्या वारांना तर वर्ग भरलाच होता, मधल्या काही वारांनाही भरला होता. एकंदर बारा दिवस. कुठली उदाहरणं सोडवली ते लिहिलेलं. नऊ नावांपुढं हजर. सौरव दोन दिवस गैरहजर, कारण काजूच्या बागेत कामाला. आणि प्रत्येक दिवशी सगळ्यांत खाली एक ओळ होती, 'बाई — गै.'

"हे काय गं?" बाईंनी आवाज चढवला.

ऋतिका घाबरली नाही. "नव्हतासा की तुमी. कारन चालत न्हाई म्हनून तुमीच सांगितलासा."

मालुबाईला हसू आवरेना. बाईंनी मान खाली घालून पेन काढलं आणि त्या बाराही दिवसांखाली, आपल्या गैरहजेरीच्या शेजारी, सही केली.

जानेवारीत दहावीचे वर्ग शाळेत भरू लागले. निळोलीला बस सुटेना, तरी नऊजण कधी जंगलातल्या आडवाटेनं चालत, कधी महादेवच्या टेम्पोतून पाथरवाडीला यायचे. सगळं रुळावर येतंय असं वाटत असताना, फेब्रुवारीत परीक्षेला बसणाऱ्यांची यादी वर पाठवायची वेळ आली. ती तपासायला बाईंच्या हातात पडली. नावं होती पंचवीस.

त्या यादी घेऊन थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या.

"सर, निळोलीची पोरं राहिलीत यात."

कालकुंद्रीकर सरांनी चष्मा काढला. मनानं वाईट नव्हते ते. मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्यानंतर सेवाज्येष्ठतेनं बाईंचा नंबर होता.

"राहिली नाहीत. ठेवलीत," ते म्हणाले. "संस्थेचं तसं मत आहे. ऑनलाइनला त्यांची हजेरी शून्य. सहा महिने शिकलीच नाहीत, बसवून काय करणार? तीन वर्षं आपला निकाल शंभर टक्के लागलाय. पुढच्या वर्षी बसतील की, कुठं पळून जातात?"

"ऋतिकाला पुढचं वर्ष मिळणार नाही, सर. घरी बसली की तिचं लग्न लावून टाकतील. सौरव काजूच्या बागेत जाईल तो जाईलच. आणि शिकली नाहीत असं कोण म्हणतं? मी शिकवलंय त्यांना. माझ्याकडं पट आहे."

बाईंनी वही टेबलावर ठेवली. सरांनी ती चाळली. ऑक्टोबरच्या पानावर आले तसे थांबले, उठून दार लोटून आले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "या तारखांना जायला बंदी होती. मी स्वतः कळवलं होतं तुम्हाला. ही वही संस्थेच्या बैठकीत गेली, तर पोरांची हजेरी सिद्ध होण्याआधी तुमचा गुन्हा सिद्ध होईल. तुमची सव्वा वर्षाची नोकरी राहिलीय. मेमध्ये या खुर्चीत तुम्ही बसायच्या आहात. ऐका माझं. मी ही बघितलीच नाही. घरी न्या."

बाई त्या दिवशी वही खरंच घरी घेऊन गेल्या. संध्याकाळच्या चहाला त्यांनी शरदरावांना सगळं सांगितलं. शरदरावांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कोर्टात पुरावा वाचावा तशी. आपल्या आजाराच्या तारखांपाशी जरा जास्त वेळ थांबले.

"कागद एकदा दाखल झाला की परत घेता येत नाही," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"बघ, तू दिलीस तर त्यांना ही पोरं शिकली नाहीत असं म्हणता येणार नाही. बाईनं स्वतःच्या गैरहजेरीशेजारी सही केलेली वही खोटी आहे असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही." त्यांनी वही मिटून बायकोसमोर सरकवली. "पण तुला ते सोडणार नाहीत."

"न सोडू देत," बाई म्हणाल्या. "मी काही लपून केलं नव्हतं. आता लपवलं तर मात्र ते चोरून केल्यासारखं होईल."

बैठकीला संस्थेचे सात सभासद होते. मधे अध्यक्ष आण्णाप्पा नाईक, आवारातल्या निम्म्या भिंतींवर ज्यांचं नाव कोरलेलं. बाई आत शिरल्या तेव्हा खिडकीबाहेर गलका झाला. निळोलीची नऊच्या नऊ पोरं आली होती, आणि त्यांच्यापुढं मालुबाई, शेजारी रवळू. ऋतिकाचा बाप मष्णू जरा मागं, टोपी हातात धरून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शिपायानं अडवलं तेव्हा मालुबाई म्हणाली, "पोरास्नी परीक्षेला बसवत न्हाईसा, निदान व्हरांड्यात तरी उभी ऱ्हाऊ देत." आणि ती सगळी दारात येऊन उभी राहिली.

वही हातोहात फिरली. एका सभासदानं ऑक्टोबरच्या पानांवर बोट ठेवलं. "बाई, ही तर कबुलीच झाली."

"होय," बाई म्हणाल्या.

"बंदी होती हे माहीत होतं?"

"होतं. निरोप दोनदा वाचला होता."

"आणि तरी गेलात? पोरांना काही झालं असतं तर?"

"ती भीती मी रोज बरोबर घेऊन जात होते. म्हणून खळ्याबाहेर उभी राहून शिकवलं, घरात आजार आला तेव्हा सोळा दिवस गेले नाही. त्याचीही नोंद आहे. माझं चुकलं असेल तर मला शिक्षा करा. पण माझ्या चुकीच्या कागदावर ही पोरं हजर आहेत. ती यादीत घाला."

खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्षांना मोकळं व्हायची वाट हवी होती. त्यांनी दारातल्या ऋतिकाला खुणेनं पुढं बोलावलं. "ये गं. बघू काय शिकवलंय बाईंनी. एक गणित घालतो. सुटलं तर पाठवू तुमची नावं."

ऋतिकानं पाऊल टाकलं. तिला ते गणित सुटलं असतं. बाईंना त्याची खात्री होती. आणि तरी त्या मधे आल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "ऋतिका, थांब तिथंच."

"का? घाबरलात?" अध्यक्ष हसले.

"बाकीच्या पंचवीस जणांना इथं उभं करून गणित घातलंत का? नाही ना? मग हिलाही घालायचं नाही. परीक्षेला बसायचा हक्क मिळावा म्हणून आधी तुमची परीक्षा द्यायची, हे कुठल्या नियमात आहे ते दाखवा. ही पोरं जूनमध्ये पास होतील नाहीतर नापास होतील. ते त्यांचं आहे. बसतील मात्र सगळी."

दारातून मष्णूचा आवाज आला. त्या दिवसापर्यंत शाळेत कधी तोंड न उघडलेला माणूस. "बाई बोलत्यात ते बरोबर हाय. नावं घातल्याबिगार आमी जानार न्हाई. हितंच बसतो." आणि तो खरोखर व्हरांड्यात मांडी घालून बसला. मग मालुबाई बसली. मग रवळू, पंचायतीचा मेंबर असूनही. मग पोरं.

चार वाजता शिपाई बाहेर आला. दुरुस्त यादीवर कालकुंद्रीकर सरांनी सही केली होती. नावं चौतीस.

परीक्षा लांबली आणि जुलैत झाली, दोनच दिवस, पर्यायांवर खुणा करायच्या. निळोलीची नऊही पोरं बसली. त्या साली जवळपास सगळेच पास झाले आणि बाजारात लोक या पोरांना "कोरोना पास" म्हणून चिडवू लागले. खानापुरात कॉलेजच्या खिडकीशी एका कारकुनानं ऋतिकालाही ते ऐकवलं. तिनं अर्ज पुढं सरकवला आणि म्हणाली, "व्हय. कोरोनातच पास झालोय. शिका बघू तुमी तसल्यात." तिला सायन्सला प्रवेश मिळाला. सौरव बागेत गेला नाही, आयटीआयला गेला.

बाईंना संस्थेची नोटीस आली ती मार्चमध्येच. खेद व्यक्त करणारं पत्र दिल्यास प्रकरण मिटवू, असं तिच्यात म्हटलं होतं. बाईंनी उत्तर लिहिलं चार ओळींचं. अमुक तारखांना मी वर्ग घेतला, यादी जोडली आहे, खेद नाही. मे महिन्यात कालकुंद्रीकर सर निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले बाईंपेक्षा सहा वर्षांनी लहान असलेले एक मास्तर. बाईंना वाईट वाटलं नाही असं नाही.

दोन हजार बावीसच्या जूनअखेर त्या निवृत्त झाल्या. संस्थेनं रीतीप्रमाणं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष आण्णाप्पा भाषणाला उभे राहिले. माणसं जाताना सगळं गोड बोलायचं असतं, तसं ते बोलत गेले. शेवटी म्हणाले, "चौतीस-पस्तीस वर्षांत बाईंनी शाळेचा एकही नियम कधी मोडला नाही. हा आदर्श—"

"एक मिनिट," बाई खुर्चीतून उठल्या. गळ्यात हार, हातात नारळ.

"अध्यक्षसाहेब, हे बरोबर नाही. मी नियम मोडला. एकदा नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर एकवीस वेळा मोडला. तुम्ही मला त्याची नोटीस दिली होती, माझं उत्तर तुमच्या फायलीत आहे. आज जाताना ते पुसून जाऊ नका. मुलांनो, पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा मोडेन. तुमच्या मास्तरांनीही मोडावा."

नवे हेडमास्तर छताकडं बघत राहिले. मागच्या रांगेतून एकानं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं. अध्यक्षांनी घसा खाकरून भाषण आटोपतं घेतलं.

बाईंनी हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, नारळ शिपायाच्या हातात दिला. दहावीचा शेवटचा तास अजून व्हायचा होता. घंटा व्हायच्या आधीच त्या जिना चढून वर्गात गेल्या.